घरी पत्त्यांचा डाव बसवायचाय? कायदा कुठं आडवा येतो आणि काय काळजी घ्यायची, सगळं सविस्तर

पोळा झाला, दिवाळी जवळ आली की आपल्या मराठवाड्यात घरोघरी पत्ते निघतात. पुण्याला, मुंबईला कामाला असलेली पोरं गावाकडं येतात, जावई येतात, आतेभाऊ मामेभाऊ जमतात, जेवणं झाली की ओसरीवर सतरंजी टाकून डाव बसतो. आणि मग कुणीतरी विचारतंच की पैसे लावून खेळलं तर गुन्हा होतो का हो? यावर दोन उत्तरं ठरलेली. एक जण म्हणणार घर आपलं, पैसे आपले, पोलिसांचा काय संबंध. दुसरा म्हणणार पत्ते दिसले की उचलतात बघा. दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत आणि दोन्हींमुळं लोक अडचणीत आलेले मी बघितलेत. कोर्टाच्या आवारात बरीच वर्षं वावरल्यामुळं जुगाराच्या केसमध्ये तारखेला उभे राहिलेले साधे, कष्टाळू लोक रोज दिसायचे, त्यातल्या निम्म्यांना आपण नेमकं कुठं चुकलो हे तेव्हाही समजलेलं नसायचं. म्हणून हे नीट, एकेक पायरी घेऊन लिहितोय.

आधी कायदा कोणता ते बघा

आपल्याकडं लागू आहे तो महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ चा. पूर्वी याचं नाव मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा होतं, अजूनही जुन्या वकिलांच्या तोंडी तेच नाव असतं. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्यानं आधी इकडं हैदराबादचा जुगार कायदा चालायचा, फसली सन (तिथली जुनी कालगणना) १३०५ चा. हे सांगायचं कारण असं की रमीवरचा देशभर सांगितला जाणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल त्याच हैदराबाद कायद्याखालच्या केसमध्ये आलाय. १९६३ साली सिकंदराबादच्या एका क्लबवर धाड पडली होती, तिथं लोक पैशावर रमी खेळत होते, आणि १९६७ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की रमी हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं पान धरायचं कोणतं टाकायचं याला डोकं लागतं. त्याच निकालात तीन पत्त्यांच्या खेळाबद्दल मात्र स्पष्ट म्हटलंय की तो निव्वळ नशिबाचा खेळ आहे. म्हणजे आपण ज्याला तिर्रट म्हणतो, तीन पत्ती म्हणतो, तो.

या निकालातली तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. कोर्टानं म्हटलं की खेळ रमी असला तरी घराचा किंवा क्लबचा मालक जर त्या पैशाच्या खेळातून नफा कमवत असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. हे वाक्य डोक्यात ठेवा, कारण पुढं जे काही सांगणार आहे ते फिरून फिरून इथंच येतंय.

पायरी १: खेळ कोणता ते ठरवा

कायद्याचं कलम १३ म्हणतं की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागूच नाही, कुठंही खेळा. निव्वळ याचा अर्थ शंभर टक्के असा कोर्ट घेत नाही, कौशल्याचा भाग नशिबापेक्षा वरचढ पाहिजे एवढा घेतं, १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हेच धरलं. बुद्धिबळ, कॅरम यात वादच नाही. रमीला वरचा निकाल आहे. मेंढीकोट, तीनशे चार, जजमेंट हे हात मोजायचे खेळ लोक बहुतेक पैशाशिवायच खेळतात त्यामुळं तिथं प्रश्नच येत नाही.

तिर्रट, अंदर बाहर, झन्नामन्ना, फाशावरचे खेळ हे सगळे नशिबाचे. इथं कलम १३ चं छत्र नाही. पोकरबद्दल पोरं खूप भांडतात की तो स्किलचा आहे, परदेशात स्पर्धा होतात वगैरे, पण रमीला आहे तसा सुप्रीम कोर्टाचा थेट निकाल पोकरच्या पाठीशी नाही, म्हणून घरी पैशावर पोकर लावताना तो तीन पत्तीइतकाच जोखमीचा धरून चाला.

आणखी एक, दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात, त्या दिवशी खेळायची प्रथा आहे हे खरंय. पण कायद्यात सणाची सूट कुठंही लिहिलेली नाही. ठाणेदार सणाचा विचार करून कानाडोळा करतीलही, तो त्यांचा चांगुलपणा, तुमचा हक्क नाही.

पायरी २: पैसा लावायचाच का, हे आधी बोलून घ्या

माझं स्पष्ट मत, नका लावू. पैसा काढला की सगळा प्रश्नच संपतो, कारण पैज किंवा डावावर लागलेली किंमत असल्याशिवाय जुगार होत नाही. पत्ते घरात ठेवणं गुन्हा नाही, खेळणं गुन्हा नाही. आमच्या ओळखीत एका घरात गेली कित्येक वर्षं असं चालतं की दिवाळीच्या चार रात्री वहीत पॉइंट लिहितात, शेवटी जो जिंकला त्याला घरचे काका स्वतःच्या खिशातून एक शर्टपीस देतात. खेळणाऱ्यानं काहीच लावलेलं नाही, म्हणून हरण्यासारखंही काही नाही, आणि मजा मात्र पुरेपूर, भांडणंसुद्धा तितकीच होतात. हरलेल्यानं सकाळी सगळ्यांना चहा करायचा, भांडी घासायची, अशा अटी लावा, चालतंय.

फक्त एक बघा, चिंचोके, बटणं, काड्यापेटीच्या काड्या लावल्या आणि शेवटी एका काडीचे दहा रुपये असा हिशेब केला तर तो पैशाचाच खेळ झाला. टेबलावर नोटा दिसत नाहीत म्हणून तो वेगळा होत नाही.

पायरी ३: घरमालकानं एक रुपयाही घ्यायचा नाही

आता समजा तुम्ही लोकांनी ठरवलंच की आपल्या आपल्यात पाच-दहा रुपयांवर खेळायचं. तर कायदा कुठं पकडतो ते नीट समजून घ्या. कायद्यात एक शब्द आहे, सार्वजनिक जुगारघर. पोलीस, वकील त्याला अड्डा म्हणतात. पत्त्यासारख्या खेळात अड्डा कधी होतो? तर जिथं खेळाचं साहित्य घरमालकाच्या किंवा जागा वापरणाऱ्याच्या नफ्यासाठी ठेवलेलं किंवा वापरलेलं असतं. मग तो नफा जागेचं भाडं म्हणून असो, पत्त्याचं भाडं म्हणून असो की आणखी कसाही असो. 'कसाही' हा भाग फार रुंद आहे.

अड्डा चालवणाऱ्याला कलम ४ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, अड्ड्यावर खेळणाऱ्याला कलम ५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दंड. दोन्हींत कमीत कमी शिक्षाही ठरवून दिलेली आहे, विशेष कारण नोंदवल्याशिवाय कोर्टाला त्याच्या खाली सहसा येता येत नाही, आणि दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा सापडलं की ती वाढत जाते.

म्हणजे चार भाऊ आणि दोन मित्र बसलेत, एकाचे गेले ते दुसऱ्याला आले, घरमालकाला खेळणारा म्हणून जे मिळालं-गेलं त्यापलीकडं काही नाही, तर ते घर कायद्याच्या भाषेत अड्डा होत नाही. पण प्रत्येक डावातून दहा रुपये बाजूला काढले, ज्याला खेळणारे नाल म्हणतात, की चित्र पलटतं. आणि हे अगदी निरागसपणे होतं बघा. यजमान म्हणतो लाइटचं बिल, चहा, नवीन कॅट आणलाय, डावामागं पाच रुपये डब्यात टाका. त्याच्या मनात काही नसतं, खर्च निघावा एवढंच. पण कागदावर ते डावातून घेतलेलं कमिशन दिसतं, आणि पंचनाम्यात तो डबा वेगळा नोंदवला जातो.

म्हणून खर्चाचं असं करा. जेवणाची, चहाची वर्गणी खेळाच्या आधी, शक्यतो आदल्या दिवशी, सगळ्यांकडून सारखी, खेळणाऱ्या न खेळणाऱ्या दोघांकडूनही. फोनपेवर घेतली तर शेऱ्यात 'जेवण वर्गणी' लिहा. मटण आणल्याचं, किराण्याचं बिल ठेवा. डावाच्या पैशाला आणि या पैशाला एकमेकांना शिवू द्यायचं नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा, कुणी भाकरी, कुणी शेंगाची चटणी, वर्गणीचा विषयच नाही. आणि तुम्ही यजमान असाल तर बँकर व्हायचं नाही, पैसे सांभाळायचे नाहीत, चिप्स (पैशाऐवजी वापरायची टोकनं) विकायच्या नाहीत.

पायरी ४: जागा

इथं मराठवाड्यातले लोक सगळ्यात जास्त फसतात म्हणून जरा सविस्तर.

राहतं घर, आतली खोली किंवा माडी, ही त्यातल्या त्यात बरी जागा. गावात मात्र बायका-लेकरांसमोर नको म्हणून पुरुष मंडळी डाव बाहेर नेतात. देवळाचा पार, शाळेचा व्हरांडा, बंद पडलेला जिनिंगचा शेड, नदीकाठची चिंच. तिथं लोकांना जाता येत असेल तर हे सगळं सार्वजनिक जागेत मोडतं, आणि कलम १२ खाली रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी जुगार खेळताना दिसलेल्याला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. तिथं अड्डा होता का, कुणाला नफा होता का, हे काहीच सिद्ध करावं लागत नाही. पैसा लावलेला नशिबाचा खेळ आणि सार्वजनिक जागा, झालं. स्थानिक वर्तमानपत्रात जुगाराच्या ज्या बातम्या येतात त्यात झाडाखाली, मोकळ्या जागेत, असं वाचायला मिळतं ते यामुळंच. बसस्टँडमागं पाच रुपयांवर खेळणारा आणि बंगल्यात पाच हजारांवर खेळणारा यात पहिलाच आधी सापडतो, हे चूक वाटतं मला, पण वस्तुस्थिती तीच आहे.

शेतातला आखाडा, म्हणजे शेतावरचं गोठ्याचं-राहायचं ठिकाण. जमीन तुमची, आखाडा तुमचा, म्हणून खाजगी, बरोबर. पण गावापासून लांब, रात्री दहा मोटारसायकली लावलेल्या, वेगवेगळ्या गावचे लोक, बाहेर एक पोरगं बॅटरी घेऊन लक्ष ठेवायला उभं केलेलं. हे बघितल्यावर कोणीही याला घरगुती डाव म्हणणार नाही. त्यातून आखाडा जर मालकानं रात्रीपुरता भाड्यानं दिला असेल तर कलम ४ चं भाडं आपोआपच आलं. भाड्यानं घेतलेलं फार्महाऊस, लॉजवरची खोली, हॉलचं तसंच. खेळणाऱ्यांनी भाडं वाटून भरलं असेल तर निदान त्याची पावती आणि 'कुटुंबाचा कार्यक्रम' म्हणून केलेलं बुकिंग जवळ पाहिजे, पण मी तर म्हणेन पैशाचा डाव असल्या जागी लावूच नका.

पायरी ५: कुणाला बोलवायचं

ओळखीचेच लोक, आणि ओळखीच्याचा ओळखीचा नको. घरगुती डाव आणि अड्डा यातला फरक कोर्टात सांगायची वेळ आली तर हे सगळे माझे कोण लागतात हे उत्तर फार उपयोगी पडतं. भाचा, साडू, शेजारी, वर्गमित्र. तालुक्याहून आलेला कुणीतरी 'भाऊ', ज्याचं आडनावही यजमानाला माहीत नाही, तो आला की उत्तर ढासळतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'आज रात्री बैठक आहे, एंट्री पाचशे' असले मेसेज टाकू नका, एंट्री शब्दच यजमानाच्या विरोधात जातो.

नोकरीवाल्यांनी आणि भरतीच्या पोरांनी हा भाग दोनदा वाचा. कलम ५ मध्ये एक गृहीतक आहे, अड्ड्यावर खेळ चालू असताना जो कोणी तिथं सापडला तो खेळायलाच आला होता असं धरलं जातं, तसं नव्हतं हे त्यानं दाखवायचं. म्हणजे पानं वाटणारा, बघत बसलेला, चहा घेऊन आलेला पुतण्या, सगळ्यांची नावं फिर्यादीत येऊ शकतात. आपल्याकडं घरटी एक पोरगं पोलीस भरती नाहीतर आर्मीची तयारी करायलंय, पहाटे चारला उठून पळायलंय, त्याचं चारित्र्य पडताळणीच्या वेळी हा गुन्हा समोर येतो आणि तो लपवला तर आणखी वाईट. त्या लेकराला त्या खोलीत बसू देऊ नका, एवढं माझं ऐका. सरकारी नोकर ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर निलंबित झालाच असं नियमानं मानलं जातं, तेव्हा गुरुजी, तलाठी, कंडक्टर यांनी आपलं आपण ठरवावं.

पायरी ६: पत्त्यांपेक्षा वेगळं काय काय चालतं तेही बघा

दिवाळीच्या रात्री नुसते पत्तेच नसतात. मॅच चालू असली की 'या ओव्हरला किती' म्हणून पैसे लागतात. मटक्याचा आकडा कुणीतरी फोनवर सांगतो. इथं कायदा जास्त कडक आहे. कापसाच्या किंवा दुसऱ्या मालाच्या भावावर, भावातल्या आकड्यावर, पावसावर, रस्त्यावरच्या गाडीच्या नंबरच्या आकड्यावर, आणि एकूणच नशिबावर पैसे वाटल्या जाणाऱ्या पैजेच्या योजनेवर लावलेल्या पैशासाठी जागा वापरली तर ती जागा अड्डा व्हायला मालकाला नफा झाला पाहिजे अशी अट नाही. पत्त्यात जी एक पळवाट आहे ती इथं बंद आहे. 'यंदा मृगात पडतो का बघू, लाव शंभर' हे आपण सहज बोलतो, त्याचं पारावर सगळ्या गावाचं बुकिंग सुरू झालं की ते या कलमात येतं. टोळी करून अनधिकृत सट्टा किंवा जुगार चालवला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ११२ पण आहे, किरकोळ संघटित गुन्हा, त्यात किमान एक वर्ष आणि जास्तीत जास्त सात वर्षं. घरच्या डावासाठी ते कलम नाही, पण आयपीएलचं बुकिंग घेणाऱ्याला घरात बसायला जागा देणाऱ्यानं याची आठवण ठेवावी.

बायकांच्या हळदीकुंकवाला, भिशीला हाउजी असते. तिकीट दहा-वीस रुपये, जमलेले सगळे पैसे बक्षिसात वाटले, घरच्या बाईनं काही ठेवलं नाही, तर वरचाच घरगुती डावाचा न्याय. त्यातून मंडळासाठी म्हणून शंभर रुपये बाजूला काढले तर नफ्याचा प्रश्न येतो, हेतू कितीही चांगला असो. त्यापेक्षा तिकीट फुकट ठेवा आणि बक्षिसाला डबे, वाट्या, वाणाच्या वस्तू द्या. गणेश मंडळाच्या लकी ड्रॉचं तर साफ सांगतो, पैसे घेऊन तिकिटं विकायची आणि सोडत काढायची ही लॉटरी होते, सरकारी लॉटरी सोडून इतर लॉटरीसाठी जागा चालवणं न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये गुन्हा आहे.

पायरी ७: मोबाइलवर डाव असेल तर

सगळे भाऊ एकत्र जमणं अवघड म्हणून आता मोबाइलवर खेळतात. इथं २०२५ मध्ये सगळं बदललं. ऑनलाइन गेमिंगचा केंद्राचा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पैसे भरून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातलीय, आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेदच ठेवला नाही. म्हणजे ओसरीवरच्या रमीला जो निकाल वाचवतो तो अॅपवरच्या रमीला वाचवत नाही. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत, पैशाचे व्यवहार करून देणाऱ्यालाही शिक्षा. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही.

तेव्हा घरच्यांसोबत मोबाइलवर खेळायचं तर फुकटचं अॅप, पॉइंटवर. टेलिग्रामवरून कुणी लिंक पाठवली आणि म्हटलं पैसे या क्यूआरवर टाका, तर तिकडं वळूच नका, आणि दुसऱ्यासाठी पैसे गोळा करायला आपलं बँक खातं तर कुणालाच देऊ नका. पोरं पाच हजाराच्या लालचेनं खातं भाड्यानं देतात आणि मग लांबच्या कुठल्या तरी राज्यातले पोलीस दारात येतात.

पायरी ८: आणि तरीही पोलीस आले तर

पळू नका. पहिली गोष्ट हीच. अंधारात गच्चीवरून उडी मारून पाय मोडलेले, विहिरीत पडलेले लोक आहेत. सहा महिन्यांच्या कलमासाठी जीव घालवू नका.

शांतपणे विचारा, साहेब, वॉरंट आहे का, कोणाच्या सहीचं आहे. हे विचारणं उद्धटपणा नाही, फक्त आवाज खाली ठेवा. घरात शिरून झडती घ्यायला कलम ६ प्रमाणे अधिकारी फौजदाराच्या म्हणजे पीएसआयच्या खालचा नको, आणि त्याच्याकडं अधिकार पाहिजे. छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्त आहेत, तिथं आयुक्तांचा सर्वसाधारण लेखी हुकूम किंवा विशेष वॉरंट चालतं. बीड, लातूर, नांदेड, परभणी अशा जिल्ह्यांत पोलीस अधीक्षक, उपअधीक्षक किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यापैकी अधिकार असलेल्यानं त्या त्या वेळेसाठी दिलेलं विशेष वॉरंट लागतं. हे इतकं महत्त्वाचं का, तर कलम ७. कलम ६ पाळून झडती झाली आणि पत्ते, पैसे सापडले तर ते घर अड्डाच होतं असं कोर्ट गृहीत धरतं आणि नव्हतं हे तुम्हाला दाखवावं लागतं. कलम ६ पाळलेलं नसेल तर हे गृहीतक पोलिसांना मिळत नाही, मग नफा होता हे त्यांना पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. कितीतरी केस इथंच सुटतात. पण हा वाद कोर्टात घालायचा, दारात नाही. दारात अडवलं तर सरकारी कामात अडथळ्याचं जडसं कलम वाढतं आणि जुगाराची साधी केस बाजूला राहते.

झडतीचं व्हिडिओ शूटिंग करणं आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मुळं पोलिसांवर बंधनकारक आहे, ते होतंय का बघा. पंच कोण आहेत, त्यांची नावं लक्षात ठेवा. पंचनाम्यात लिहिलेली रक्कम आणि खरी रक्कम जुळते का बघा, कपाटातले बी-बियाण्याचे, लग्नाचे पैसे डावातले म्हणून जप्त होत असतील तर तिथंच सांगा आणि सही करताना 'कपाटातली रक्कम घरखर्चाची आहे' असं लिहून सही करा. न वाचता, कोऱ्या कागदावर सही नाही. बायकांची अंगझडती महिला पोलिसांनीच घ्यायची, आणि सूर्यास्तानंतर सूर्योदयाच्या आत बाईला अटक करायची तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते.

अटक केली तर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागतं, घरच्यांना कळवावं लागतं. बऱ्याचदा अटक न करता हजर राहण्याची नोटीस देतात, ती घेतली की दिलेल्या तारखेला जा, टाळू नका. साहेबाला काहीतरी देऊन मिटवू असं म्हणणारा मध्यस्थ रात्रीतून उगवतो, त्याला हाकला, लाच देणं हा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे.

पायरी ९: गुन्हा दाखल झाल्यावर

एफआयआरची प्रत घ्या, कलमं कोणती लावलीत ते बघा. घरातल्या डावाला कलम १२ लावलं असेल, म्हणजे सार्वजनिक जागा दाखवली असेल, तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा की जागा राहतं घर होती, आणि घराचा उतारा, लाइट बिल काढून ठेवा. जप्त झालेली मोटारसायकल, मोबाइल सोडवायला कोर्टात सुपुर्दनाम्याचा अर्ज करता येतो, गाडीचे कागद आणि मोबाइलचं बिल लागतं. गाडी ठाण्याच्या आवारात दोन-दोन पावसाळे गंजत ठेवायची काहीही गरज नाही, लोक शरमेनं अर्जच करत नाहीत. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तिथंच जिल्हा कोर्टात असतं, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतले लोक यांना वकील मोफत मिळतो, हेल्पलाइन १५१००.

आणि 'गुन्हा कबूल कर, दंड भर, सुट' असा सल्ला कोर्टाच्या दारात फुकट मिळतो. घाईनं ऐकू नका. कबूल केलं की शिक्षा नोंदली जाते, तीच पुढं नोकरीला, परवान्याला आडवी येते, आणि पुन्हा सापडलं तर दुसरा गुन्हा म्हणून शिक्षा वाढते. आधी वॉरंट तपासून घ्या, मग ठरवा.

पायरी १०: उधारी आणि टक्केवारी

हे शेवटी लिहितोय पण घरं यानंच उद्ध्वस्त होतात. सोयाबीन, कापूस विकून आलेला पैसा दिवाळीतच हातात असतो आणि डावही दिवाळीतच असतो.

डावात हरलेले पैसे उधार राहिले तर ते कायद्यानं वसूल करता येत नाहीत. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ३०, पैजेचा करार मुळातच रद्द, त्यावर दावा चालत नाही. म्हणजे तुम्ही जिंकला असाल तर कोर्टात जाऊ शकत नाही, आणि तुम्ही हरला असाल तर कुणी 'तुला कोर्टात खेचतो' म्हणून घाबरवत असेल तर घाबरू नका. पण याच कारणानं असली उधारी धमकीनं वसूल होते, कोरा चेक, कोरा बाँड लिहून घेतात. डावात उधार खेळायचंच नाही, खिशातले संपले की उठायचं, हा नियम पानं वाटायच्या आधी सगळ्यांसमोर बोला.

डावाच्या कडेला बसून दहा टक्क्यानं पैसे देणारा माणूस असेल तर त्याला घरात घेऊच नका. परवाना नसताना व्याजाचा धंदा करणं हे महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे. असल्या पैशापायी कुणी शेत लिहून दिलं असेल, खरेदीखत करून दिलं असेल, तरी सगळं संपलेलं नसतं. त्या कायद्याच्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं अर्ज करता येतो, ते चौकशी करतात, व्यवहार सावकारीतून झालाय असं निघालं तर जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात, पंधरा वर्षांपर्यंतचे व्यवहार यात तपासता येतात. अर्जासोबत सातबारा, फेरफार, खरेदीखताची नक्कल, पैसे दिल्या-घेतल्याच्या बँकेच्या नोंदी, चिठ्ठ्या, फोनवरचे मेसेज जे असेल ते जोडा. घरच्या माणसानंच खेळायचं थांबवणं होत नसेल तर त्याला शिव्या देऊन उपयोग नसतो, टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात, फुकट आहे. उपनिबंधकाच्या ऑफिसला जाताना अर्जाच्या दोन प्रती न्या, एक त्यांना द्या आणि दुसरीवर तारखेचा शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.